वेळेचे भान नाही

ती मुलगी दुकानात आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी एका गवंड्याला नळाची तोटी दाखवत होतो. वीस-एकवीस वर्षांची असेल. चुडीदार, खांद्याला कापडी पिशवी. गवंडी गेल्यावर ती काउंटरपाशी आली आणि म्हणाली, "मला एक क... क... क..."

"कडी?" मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिनं परत पहिल्यापासून सुरू केलं. "मला एक क... का..."

"कोयंडा? कुलूप? दाराला पाहिजे का कपाटाला?"

तिचे कान लाल झाले. मी स्टूल पुढं सरकवलं. "बस बाळ. घाई करू नको. कडीच ना? पितळी दाखवू का लोखंडी?"

तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं तोवर मी दोन्ही कड्या काउंटरवर ठेवल्या होत्या. शेवटी तिनं लोखंडी कडीवर बोट ठेवलं. मी ती कागदात गुंडाळली, दुकानाचा शिक्का असलेल्या पिशवीत घातली आणि तिच्या हातात दिली. "थँक्यू," ती म्हणाली. हे मात्र एका दमात.

मला दिवसभर बरं वाटत होतं. कारण माझ्या घरात बोलताना अडखळणारं माणूस होतं. अशा माणसाचं मन कसं राखायचं हे सोलापुरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मला वाटायचं.

हार्डवेअरच्या धंद्यात निम्मी गिऱ्हाइकं नाव न घेता वस्तू मागतात. 'ते असतं बघा, गोल, आत रबर असतं,' म्हणतात आणि हवेत बोटं फिरवतात. त्यांचं पुरं व्हायच्या आत वस्तू समोर आली पाहिजे. माझे वडील यात तरबेज होते आणि मी त्यांच्यापुढं एक पाऊल. लोक म्हणायचे, कोनापुऱ्याच्या दुकानात तोंड उघडायचं कामच नाही.

माझ्या बायकोचं नाव कस्तुरी. तिला स्वतःचं नाव सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बारावी सायन्सनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. एक दिवस तिनं पेपरातलं कात्रण माझ्यापुढं ठेवलं. स्टेशनच्या पलीकडं एका ट्रस्टच्या कॉलेजात वाचा आणि श्रवण उपचाराचा तीन वर्षांचा पदवी कोर्स निघाला होता. बोलताना अडखळणाऱ्यांना, उशिरा बोलणाऱ्यांना, ऐकू न येणाऱ्यांना शिकवायचं. मला वाटलं, स्वतःचं दुखणं बरं करून घ्यायला जातेय. मी फी भरली आणि विषय सोडून दिला. ती मात्र बरी व्हायला गेलीच नव्हती. ती शिकायला गेली होती. हे मला तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा कळलं, आणि ज्या चार दिवसांत कळलं त्यांचीच ही हकीकत आहे.

तिचं प्रत्येक अडखळणं मी इथं लिहीत नाही. सगळी मला आठवत नाहीत. जी आठवतात ती लिहितो.

ती मुलगी आली तो सोमवार. मंगळवारी मला कस्तुरीच्या कॉलेजच्या आगाशे मॅडमचा निरोप आला, येऊन भेटा. मॅडम विभागप्रमुख होत्या. मी गेलो. त्यांनी दार लावून घेतलं.

"कोनापुरे, मी सरळच बोलते. गुरुवारी शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येतायत. एका पेशंटच्या पालकाशी बोलायचं, माहिती काढायची, सल्ला द्यायचा. पंधरा मिनिटं. कस्तुरीचं काय होईल, तुम्हीच सांगा."

मॅडमनीच पुढं सांगितलं.

"लेखीत ती पहिली येते. पण पंधरा मिनिटांत तिचा नमस्कार आणि नाव एवढंच होईल. परीक्षक म्हणतील, हिला स्वतःला बोलता येत नाही, ही लोकांना काय शिकवणार. आणि परीक्षकांचं सोडा. उद्या पेशंट म्हणतील."

"मग हो मॅडम?"

"श्रवणाच्या बाजूनं परीक्षा देता येते. बंद खोली, मशीन, पेशंटच्या कानाला हेडफोन. आवाज आला की त्यानं बोट वर करायचं. बोलायचं फारसं कामच नाही. पुढं नोकरीही मिळेल. तिनं होय म्हटलं की मी नाव त्या यादीत घालते. मी तीनदा सांगितलं. ती होय म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. सुरुवात करते आणि तास संपतो."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की मुलगी नापास होऊ नये. मलाही तेच वाटत होतं.

"घाला मॅडम नाव," मी म्हणालो. "ती तयार आहे."

"असं ती म्हणाली?"

"म्हणाली म्हणजे... तिला म्हणायचं तेच आहे. बोलून दाखवत नाही, एवढंच."

मॅडमनी माझ्यासमोर वही काढून नाव फिरवलं. मी सायकलवरून परत आलो. एक मोठं काम झालं असं वाटलं. कस्तुरीला सांगितलं नाही. गुरुवारी कळेल तेव्हा सुटल्यासारखं वाटेल तिला, असा माझा हिशेब.

बुधवारी दुपारी ती कॉलेजातून थेट दुकानात आली. एरवी घरी जायची. पिशवीतून एक पुडकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. आपल्याच दुकानाचा शिक्का. आत लोखंडी कडी.

"हे प... परत घ्या," ती म्हणाली.

"कुणी दिलं?"

"तुम्ही. सोमवारी. के... केतकीला."

"ती अडखळणारी पोरगी? तुझ्या वर्गात आहे? मग आधी सांगायचं नाही का? चहा पाजला असता."

"ती अडखळत नाही."

कस्तुरी स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. त्यांना अभ्यासाचा भाग म्हणून एक काम दिलेलं होतं. वर्गातल्या प्रत्येकानं बाजारात जायचं, एका अनोळखी दुकानात मुद्दाम अडखळत एक वस्तू मागायची, आणि काय झालं ते लिहून आणायचं. अडखळणाऱ्याला कसं वाटतं ते कळावं म्हणून. मध्येच हसायचं नाही, मान हलवून हो-नाही करायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचा प्रयत्न करायचा.

"तू कुठल्या दुकानात गेलीस?"

"मला स... सूट होती," कस्तुरी म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, तुला गरज नाही."

ती हसली. मीही हसलो. तिनं पिशवीतून एक कागद काढला. केतकीनं लिहिलेला. तो आज वर्गात वाचला गेला होता आणि कस्तुरीनं तिच्याकडून मागून आणला होता.

"वाचा. मो... मोठ्यानं."

मी वाचला. तो कागद अजून माझ्याकडं आहे. त्यात लिहिलं होतं: "दुकानदार फार दयाळू होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. ते माझ्यावर चिडले नाहीत, हसले नाहीत. त्यांनी मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. थोड्या वेळानं मला वाटलं की मला काय पाहिजे ते त्यांनाच जास्त माहीत आहे. मी नको असलेली वस्तू घेतली, थँक्यू म्हणाले आणि बाहेर येऊन रडले."

"तिला काय पाहिजे होतं?" मी विचारलं.

"कानस."

"कानस? घासायची? त्या पोरीला कानस कशाला लागते?"

"ते ती स... सांगणार होती."

एक गिऱ्हाईक आलं. रंगाचे ब्रश मागितले. मी दिले. तो जाईपर्यंत कस्तुरी तशीच बसून होती.

"मी अकरा वर्षं अशाच व... वस्तू घरी आणतेय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे हिरवं पातळ. म्हणजे को... कोपऱ्यातला पलंग. म्हणजे बहिणीच्या लग्नाला एकच दि... दिवस राहायचं."

"अगं तूच म्हणाली होतीस."

"मी सु... सुरुवात केली होती. म्हणालात तुम्ही."

मी म्हणालो, "असं असतं तर तू बोलली असतीस."

ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बघायला आला होतात तो दि... दिवस आठवतो?"

तो दिवस आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना पाठ होता. पोहे झाल्यावर माझ्या मामांनी तिला विचारलं होतं, "मुलगा पसंत आहे का, बाळ?" ती म्हणाली, "म... मला..." आणि अडकली. सगळे अवघडले. मी म्हणालो, "पसंत आहे म्हणतेय ती." घर भरून हसलं. तिथंच सुपारी फुटली. प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी हा किस्सा सांगायचं आणि मी खूश व्हायचो.

"मला वि... विचार करायला वेळ पाहिजे," कस्तुरी म्हणाली. "असं म्हणत होते मी."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तिचा आवाज लांब गेल्यावर मी विचारलं.

"मग विचार करून काय म्हणाली असतीस?"

"ते आता क... कसं कळणार," ती म्हणाली. "कदाचित प... पसंतच म्हणाले असते."

ती उठली. जाताना कडीच्या खोक्यात ती कडी स्वतःच टाकली.

मॅडमकडं जाऊन आलो होतो ते त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. जीभ उचलली नाही. मला बोलायला काही अडचण नव्हती, तरी.

गुरुवारी मी तिला कॉलेजात सोडायला गेलो. एप्रिलचा महिना, सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर. पांढरा कोट तिनं हातावर घडी घालून घेतला होता. नोटिशींच्या फळ्यावर दोन याद्या लावल्या होत्या. तिनं वाचाविभागाची यादी वरून खाली वाचली. परत वाचली. मग शेजारची.

आगाशे मॅडम जिन्यावरून उतरत होत्या. कस्तुरीनं यादीवर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडं बघितलं.

"अगं, मंगळवारी तुझे मिस्टर येऊन सांगून गेले ना," मॅडम म्हणाल्या. "तू तयार आहेस म्हणून."

कस्तुरी माझ्याकडं वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं बघितलं, काल दुकानात बघितलं होतं तसं.

"मॅडम, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "ती असं काही म्हणाली नव्हती."

"कोनापुरे, हे कॉलेज आहे. तुमच्या मनाला येईल तसं नाव इकडं-तिकडं करायला हा काय बाजार आहे?"

"नाही मॅडम. माझी चूक आहे."

मॅडम तिला म्हणाल्या, "हे बघ, अजूनही सांगते. तिकडं बस. पास होशील. इकडं नापास झालीस तर सहा महिने जातील."

"ज... ज..." कस्तुरीनं सुरू केलं.

मला पुढचं माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी दात दाबून धरले. मॅडमनी घड्याळ बघितलं. कस्तुरीच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत रुतला होता. ती अडकली की तिचा उजवा पाय जमीन दाबायचा, जिना चढताना जोर लावतो तसा. शब्द सुटला की पाय सैल. अकरा वर्षांत मी तिच्या तोंडाकडं बघत आलो होतो, पायाकडं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

"जाऊ देत सहा महिने," ती म्हणाली. "म... माझेच आहेत."

मॅडमनी पेन काढलं आणि नाव परत फिरवलं.

परीक्षेची खोली तळमजल्यावर होती. कूलर बिघडला होता म्हणून दाराला वीट लावून दार उघडं ठेवलं होतं. बाहेर बाकावर मी आणि कॉलेजचा शिपाई नागनाथ. आतलं निम्मं दिसत होतं आणि सगळं ऐकू येत होतं. टेबलापलीकडं परीक्षक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले, पन्नाशीचे. टेबलावर गजराचं घड्याळ. त्यांच्याशेजारी आगाशे मॅडम. अलीकडं पाठमोरी कस्तुरी. तिच्यासमोर पांढरी टोपी घातलेला एक माणूस आणि त्याची सात-आठ वर्षांची मुलगी. नागनाथनं मघाशी मोठ्यानं पुकारा केला होता, 'तनुजा गायकवाड, अक्कलकोट,' म्हणून मला नाव माहीत होतं.

परीक्षकांनी घड्याळाला किल्ली दिली. "सुरू करा."

"न... नमस्कार. माझं नाव क..."

नागनाथ माझ्याकडं झुकला. "हितंच गेलं की ओ शेठ."

आत 'क' चालला होता. टोपीवाला चुळबुळ करायला लागला. मुलगी मात्र खुर्चीत पुढं सरकून कस्तुरीच्या तोंडाकडं बघायला लागली.

"कस्तुरी कोनापुरे," असं आलं तेव्हा नागनाथ म्हणाला, "नावालाच मिनिट."

मग तिनं मुलीशी बोलणं केलं. काय आवडतं, शाळेत कोण शेजारी बसतं. मुलीनं तोंड उघडलं की बाप उत्तर द्यायचा. "तिला चित्रं आवडतात. शेजारी पाटलाची पोरगी बसते." कस्तुरी त्याचं ऐकून घ्यायची आणि परत मुलीलाच विचारायची. मग तिनं मुलीला जीभ बाहेर काढायला सांगितलं. ती पुढं वाकली, जीभ बघितली, आणि वाकलेलीच थोडा वेळ थांबली.

सरळ होऊन तिनं बापाला विचारलं, "घरी का... काय उपाय करता तिच्यासाठी?"

"काही नाही," बाप म्हणाला. "कागदावर लिवलंय की. काहीच करत नाही."

कस्तुरी काही बोलली नाही.

आत कसलाच आवाज येईना. पंखा फिरत होता तेवढाच. मी मनात मोजायला लागलो आणि मग मोजायचं सोडलं. परीक्षकांनी घड्याळाकडं बघितलं, मग मॅडमकडं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अडकली," नागनाथ म्हणाला. "ओ शेठ, जावा की आत. तिला काय इचारायचंय ते सांगा. तुमचीच बायको हाय, तुम्हाला कळतंय की. कोण अडवतंय?"

मी उठलो. खरं सांगतो, उठलो. दाराच्या चौकटीला हात लावला. दोन पावलं आत गेलो असतो आणि म्हणालो असतो, साहेब, तिला असं असं म्हणायचंय. मी ते आयुष्यभर केलं होतं आणि लोकांनी मला चांगला नवरा म्हटलं होतं.

चौकटीतून मला तिच्या खुर्चीखालचं दिसलं. तिचा उजवा पाय मोकळा होता. चप्पल निम्मी सुटलेली, अंगठा वर.

ती अडकली नव्हती. ती थांबली होती. त्या माणसासाठी.

मी मागं येऊन बाकावर बसलो.

"घाबरलाव काय?" नागनाथ म्हणाला.

"गप बसा," मी म्हणालो.

आत टोपीवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तसं म्हणजे," तो म्हणाला आणि थांबला. कस्तुरी थांबलेलीच होती. "वेखंड लावतो," तो म्हणाला. "उगाळून. जिभेला. रोज सकाळी."

नंतर कस्तुरीनं मला सांगितलं की तिला ते जीभ बघतानाच वासावरून कळलं होतं. तिच्या आईनं तिला चौदाव्या वर्षापर्यंत वेखंड लावलं होतं, तो वास ती विसरणं शक्य नव्हतं. तिनं नुसतं 'वेखंड लावता का' विचारलं असतं, तर काम दोन सेकंदांत झालं असतं. बाप नाही म्हणाला असता आणि प्रश्न संपला असता. कॉलेजच्या दवाखान्यात आधी दोघा विद्यार्थ्यांनी विचारलं तेव्हा तसंच झालं होतं.

"आणि?" कस्तुरी म्हणाली.

गजर वाजला.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. "थांबा आता."

"त्यांचं स... संपलेलं नाही, सर," कस्तुरी म्हणाली.

"परीक्षा पंधरा मिनिटांची आहे."

"हो सर. माझी प... परीक्षा संपली. त्यांचं बोलणं नाही."

परीक्षकांनी गजर बंद केला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पण तिला उठवलं नाही. टोपीवाला कुणाकडंच बघत नव्हता. "रडते," तो म्हणाला. "तिची आई हात धरते, मी तोंड धरतो. जीभ सोलून निघाली एकदा. माझ्या आईनं सांगितलं, सोडायचं नाही, सुटतंय त्यानं. दीड वर्ष झालं."

तनुजा खाली बघत होती.

"मलाही ला... लावायचे," कस्तुरी म्हणाली. "जिभेचा द... दोष नाही तो. तिचाही नाही. उद्यापासून वेखंड बंद करा."

"बरं."

"आणि ती बोलायला लागली की तु... तुम्ही गप्प बसायचं. तिचं संपेपर्यंत."

"बाई, लई वेळ लागतो तिला."

"ल... लागू दे."

"आणि नाहीच संपलं तर?"

कस्तुरीचा पाय जमिनीवर दाबला गेला. मी बघत होतो. बराच वेळ दाबलेला राहिला.

"त... तरी," ती म्हणाली.

कस्तुरी बाहेर यायच्या आधी टोपीवाला मुलीला बाकावर बसवून पाणी प्यायला गेला. मुलगी माझ्या आणि नागनाथच्या मध्ये बसली. मी तिला विचारलं, "नाव काय तुझं?"

"त... त... त..."

नागनाथनं तोंड उघडलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मुलगी छताकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग परत छताकडं. तिचा हात बाकाच्या कडेला घट्ट. मला ते नाव पुढं सरकवायची इतकी घाई झाली होती की घाम आला. मी एप्रिलच्या उकाड्यात तिथं बसलो आणि काहीच केलं नाही. इतकं अवघड काम मी त्याआधी केलं नव्हतं.

"त... तनुजा," ती म्हणाली. "तु... तुमचं?"

"मल्लिनाथ," मी म्हणालो.

महिन्याभरानं निकाल लागला. पन्नासपैकी पंचवीसला पास. तिला सव्वीस. परीक्षकांच्या शेऱ्याची प्रत मॅडमनी तिला दिली, देऊ नये असं असूनही दिली. त्यावर लिहिलं होतं, 'इतर दोन विद्यार्थ्यांना न मिळालेली माहिती काढली. वेळेचे भान नाही.' कस्तुरीनं शेवटचं वाक्य कापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत तिचा दवाखाना सुरू झाला तेव्हा भिंतीवर लावलं. त्या खोलीत घड्याळ नव्हतं. अठरा वर्षं तिथं लोक आले. पहिल्या दिवशी नाव सांगताना ती अडकली की काहीजण उठून जायचे. एक बाई दारातच म्हणाली, "हिलाच औषध पाहिजे." कस्तुरी म्हणाली, "औ... औषध नाही यावर. बसा." बाई बसली. तिचा मुलगा दोन वर्षं येत होता.

मी दुकानात गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, काय पाहिजे, आणि मग गप्प. धंदा थोडा मंदावला. लोक म्हणाले, कोनापुऱ्या म्हातारा झाला, सुचत नाही त्याला आता. म्हणू देत. केतकी एकदा कानस घ्यायला आली. कशाला पाहिजे ते सगळं सांगितलं तिनं, पुरतं ऐकलं मी. त्यांच्या घराच्या गेटची कडी घासायची होती.

कस्तुरी जाऊन आता दोन वर्षं झाली. हृदयाचं दुखणं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला हॉस्पिटलात तिच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला तिची बहीण महानंदा. कस्तुरीनं डोळे उघडले. "अहो," म्हणाली. या शब्दाला ती कधीच अडखळली नाही. मग म्हणाली, "म... मला..."

"पाणी?" महानंदा म्हणाली. "कस्तुरी, पाणी पाहिजे? दाजी, तिला पाणी पाहिजे."

मी हात वर केला. तिला गप्प केलं. महानंदानं चमचा उचलला होता, तो मी तिच्या हातातून काढून घेतला. चादरीखाली कस्तुरीचा उजवा पाय पलंगाच्या दांडीवर दाबलेला होता. म्हणजे ती शब्दावर जोर लावत होती. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. तिला माहीत होतं मी मध्ये बोलणार नाही. तिला लागेल तेवढा वेळ तिचा होता.

मग पाय सैल झाला. शब्द आला नव्हता.

महानंदा सगळ्या नातेवाइकांत सांगते की दाजींनी माझ्या बहिणीला शेवटचं पाणी पाजू दिलं नाही. दगड आहे माणूस. दिवसांना ती आली नाही. माझे स्वतःचे भाऊ मला म्हणाले, "अरे, पाण्याचा एक चमचा. काय बिघडलं असतं?" कुणी म्हणतं तिला घरी न्या म्हणायचं होतं. कुणी म्हणतं माफ करा म्हणायचं होतं. प्रत्येकानं आपापल्या मनानं ते वाक्य पुरं केलंय आणि ते मला येऊन सांगतात, मी फक्त मान हलवावी म्हणून.

मी हलवत नाही. मलाही रात्रंदिवस वाटतं की आपण काहीतरी ठरवून टाकावं. एकदा पसंत आहे म्हणून ठरवलं होतं तसं. सोपं जाईल. पण मी ठरवणार नाही. ज्याला दगड म्हणायचं त्यानं म्हणावं.

परवा महानंदा दोन वर्षांनी दुकानाच्या पायरीवर आली. आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "दाजी, एवढं तरी सांगा. काय म्हणायचं असेल हो तिला?"

मी तिला स्टूल दिलं. ती बसली.

"सांगा की," ती म्हणाली.

"तिचं अजून संपलेलं नाही," मी म्हणालो.